लॉगिनसाठी आलेली पीएफएक्स फाइल संगणकावर कशी बसवावी

एखाद्या यंत्रणेत तुमचं नवं खातं उघडतं आणि ई-मेल येतो: ‘सोबतची फाइल संगणकावर इन्स्टॉल करा, मग ब्राउझरमधून लॉगिन होईल.’ फाइल जेमतेम चार-पाच केबीची, नावाच्या शेवटी पीएफएक्स किंवा पी१२. डबल क्लिक केलं की विझार्ड उघडतो. आपण नेक्स्ट, नेक्स्ट करत जातो, शेवटी ‘इम्पोर्ट यशस्वी झाला’ असं दिसतं आणि तरीही ब्राउझर काही आत घेत नाही.

अशा फाइली लोकांच्या संगणकांवर बसवून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. अडकलेल्या माणसाला संगणक येत नाही असं फार क्वचित असतं. ही फाइल म्हणजे काय आणि ती बसते कुठे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून आधी तेवढं समजून घेऊ, मग कामाला लागू.

फाइलमध्ये असतं काय?

दोन गोष्टी असतात. एक सर्टिफिकेट आणि दुसरी त्याची खासगी किल्ली. सर्टिफिकेट हे ओळखपत्रासारखं: तुमचं नाव, ते कुणी दिलं, कधीपासून कधीपर्यंत चालेल, अनुक्रमांक. ते कुणी पाहिलं तरी बिघडत नाही. खासगी किल्ली मात्र फक्त तुमच्याकडे असायला हवी. सर्व्हर ओळख विचारतो तेव्हा ब्राउझर सर्टिफिकेट दाखवतो आणि त्या किल्लीने एक डिजिटल सही करून देतो. सही जुळली की सर्व्हरला खात्री पटते. या सगळ्यात किल्ली संगणकाबाहेर जात नाही. पासवर्ड दर वेळी समोरच्याकडे पाठवावा लागतो, किल्ली पाठवावी लागत नाही. या पद्धतीची सगळी ताकद यातच आहे.

सर्टिफिकेटचा साचा एक्स.५०९ नावाचा आहे आणि तो १९८८ पासून चालत आलाय. किल्ली आणि सर्टिफिकेट एका पासवर्डबंद फाइलमध्ये बांधायच्या पद्धतीला पीकेसीएस १२ म्हणतात. पीएफएक्स आणि पी१२ ही आज एकाच प्रकारच्या फाइलची दोन नावं आहेत, त्यामुळे तुमच्याकडे यातलं कुठलं आलं याने काही फरक पडत नाही.

फरक पडतो तो नावाच्या शेवटी सीईआर किंवा सीआरटी असेल तर. त्या फाइलमध्ये सहसा नुसतं सर्टिफिकेट असतं, किल्ली नसते. ती बसवली तर बसते, तक्रारही करत नाही, पण लॉगिनच्या वेळी ब्राउझर ती दाखवणार नाही, कारण सही कशाने करणार? अशी फाइल आली असेल तर बसवायच्या भानगडीत न पडता पाठवणाऱ्याला पीएफएक्स मागा. याला एक अपवाद आहे. सर्टिफिकेटचा अर्ज तुम्ही याच संगणकावरून केला असेल, तर किल्ली इथेच तयार होऊन थांबलेली असते आणि आलेली सीईआर फाइल तिला जाऊन जोडली जाते.

हात लावण्याआधी

पासवर्ड जवळ आहे ना, हे पाहा. फाइल ई-मेलने आली असेल तर पासवर्ड फोनवर, प्रत्यक्ष किंवा दुसऱ्या एखाद्या मार्गाने यायला हवा. दोन्ही एकाच ई-मेलमध्ये आले असतील तर पाठवणाऱ्याला तसं जरूर सांगा, कारण ती ई-मेलची पेटी ज्याच्या हाती लागेल त्याला तुमच्या नावाने आत जाता येईल.

संगणकाचं घड्याळ बघा. सर्टिफिकेटला सुरुवातीची वेळही असते. ते आजच तयार झालं असेल आणि तुमचं घड्याळ मागे असेल, तर ‘अजून वैध नाही’ म्हणून ते नाकारलं जातं. तारीख, वेळ आणि टाइम झोन, तिन्ही बरोबर हवेत.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: संगणकावर या क्षणी कुणाच्या नावाने लॉगिन आहे? ज्या खात्यातून रोज काम करणार, त्याच खात्यात बसून फाइल बसवायची. सर्टिफिकेट संगणकावर बसतं असं आपण बोलताना म्हणतो, पण खरं तर ते त्या संगणकावरच्या एका वापरकर्त्याच्या कप्प्यात बसतं.

हे मी चुकूनच शिकलो. सुरुवातीच्या दिवसांत एका बाईंच्या संगणकावर फाइल बसवायला गेलो. माझी सवय अशी की आधी अ‍ॅडमिन खात्यात शिरायचं आणि मग काम करायचं. फाइल बसवली, ब्राउझर उघडून पाहिला, सर्टिफिकेटची खिडकी छान आली. मी निघालो. दहाव्या मिनिटाला फोन: “तुम्ही काही केलंच नाही का? मला तर काहीच दिसत नाही.” परत गेलो, त्यांच्या खात्यात पाहिलं तर कप्पा रिकामा. त्यांची किल्ली मी माझ्या अ‍ॅडमिन खात्यात ठेवून आलो होतो! काम झालं नव्हतं ते नव्हतंच, वर दुसऱ्याची किल्ली माझ्याकडे राहिली होती, आणि ते जास्त गंभीर. ती काढून टाकली, त्यांना त्यांच्या खात्यात लॉगिन करायला सांगितलं आणि पासवर्डही त्यांनाच टाकायला दिला. तेव्हापासून दुसऱ्याची फाइल बसवताना कीबोर्ड मी त्यांच्याच हातात देतो.

विंडोजवर

फाइलवर डबल क्लिक करा. सर्टिफिकेट इम्पोर्ट विझार्ड उघडेल आणि पहिल्याच पानावर विचारेल: करंट यूजर की लोकल मशीन? करंट यूजर निवडा. ‘लोकल मशीन म्हणजे सगळ्यांना चालेल’ असं वाटतं, पण तसं होत नाही. मशीनच्या कप्प्यातल्या किल्ल्या साध्या वापरकर्त्याला वाचता येत नाहीत. तो कप्पा पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सेवांसाठी असतो. शिवाय मशीनच्या इतर कप्प्यांतली सर्टिफिकेटं वापरकर्त्याला आपोआप दिसतात, पण ‘पर्सनल’ हा कप्पा त्यातून वगळलेला आहे.

पुढच्या पानावर फाइलचा पत्ता आधीच भरलेला असतो. त्यापुढे पासवर्ड. या पासवर्डच्या खाली काही चौकटी असतात आणि बहुतेक लोक त्या न वाचता पुढे जातात. इथे जरा थांबा.

‘एनेबल स्ट्राँग प्रायव्हेट की प्रोटेक्शन’ या चौकटीत खूण केलीत तर किल्ली वापरताना विंडोज तुमची संमती किंवा वेगळा पासवर्ड मागेल. संगणकाजवळ इतरांचा वावर असेल तर हे चांगलं. दिवसातून वीस वेळा लॉगिन करावं लागत असेल तर मात्र त्रासाचं होतं, आणि मग लोक वैतागून संगणक उघडा ठेवून जातात, जे त्याहून वाईट. तुमच्या कामाच्या पद्धतीनुसार ठरवा.

‘मार्क धिस की अ‍ॅज एक्सपोर्टेबल’ इथे खूण करू नका. खूण केली की तुमच्या खात्यातून कुणालाही ती किल्ली पुन्हा फाइल म्हणून काढून नेता येते. पाच मिनिटं उघडा राहिलेला संगणक त्याला पुरतो. ‘पुढे कधी लागली तर?’ म्हणून लोक खूण करतात, पण लॉगिनचं सर्टिफिकेट हरवलं तर नवं मिळतं. नवीन विंडोजवर इथेच आभासीकरणावर आधारित संरक्षणाची एक चौकट दिसते. तुमच्या संस्थेने तसं सांगितलं असेल तरच ती निवडा.

शेवटची ‘इन्क्लूड ऑल एक्सटेंडेड प्रॉपर्टीज’ ही खूण आधीपासून असते, ती राहू द्या.

पुढचं पान विचारतं की सर्टिफिकेट कुठल्या कप्प्यात ठेवू. ‘प्रकारानुसार आपोआप निवड’ हेच ठेवा. पीएफएक्समध्ये तुमच्या सर्टिफिकेटबरोबर ते देणाऱ्या संस्थेची सर्टिफिकेटंही असू शकतात. आपोआप ठेवलं तर तुमचं पर्सनलमध्ये जातं आणि बाकीची आपापल्या जागी. हाताने ‘पर्सनल’ निवडलंत तर सगळी एकाच कप्प्यात कोंबली जातात आणि तुमच्या सर्टिफिकेटपासून मूळ संस्थेपर्यंतची साखळी जुळेलच असं नाही. मग फिनिश.

इथे एखादा इशारा येऊ शकतो आणि तो वाचल्याशिवाय ‘येस’ म्हणायचं नाही. फाइलमध्ये मूळ संस्थेचं, म्हणजे रूट, सर्टिफिकेट असेल तर विंडोज विचारतं की या संस्थेवर कायमचा विश्वास ठेवू का, आणि खाली आकडे-अक्षरांची एक लांबलचक ओळ दाखवतं. ती ओळ म्हणजे त्या सर्टिफिकेटचा अंगठ्याचा ठसा. ‘येस’ म्हटलंत की त्या रूटच्या मालकाला कुठल्याही संकेतस्थळाचं सर्टिफिकेट बनवता येतं आणि तुमचा संगणक ते खरं मानतो, अगदी तुमच्या बँकेच्या नावाचं असलं तरी. त्यामुळे फाइल देणाऱ्याला फोन करा, ई-मेलात छापलेल्या क्रमांकावर नाही, तर तुम्हाला आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर, आणि ठसा अक्षर-अक्षर वाचून जुळवा. दोन मिनिटं लागतात. जुळला नाही तर ‘नो’ म्हणा आणि विषय तिथेच थांबवून चौकशी करा.

खरंच बसली का?

स्टार्टच्या शोधचौकटीत ‘सर्टएमजीआर डॉट एमएससी’ हे नाव इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. डावीकडे पर्सनल, त्याखाली सर्टिफिकेट्स. तिथे तुमचं नाव दिसायला हवं. नावाच्या डाव्या बाजूचं छोटं चित्र नीट पाहा: सर्टिफिकेटच्या चित्रावर एक इवलीशी किल्ली असते. ती दिसली तर खासगी किल्ली सोबत आली आहे. नावावर डबल क्लिक केलंत तर पहिल्या पानाच्या तळाशीही, या सर्टिफिकेटची खासगी किल्ली तुमच्याकडे आहे, अशा अर्थाची ओळ असते. ती ओळ नसेल तर पुढे सरकू नका. पुढचं काहीही चालणार नाही.

तिथेच ‘सर्टिफिकेशन पाथ’ या पानावर साखळी दिसते: वर रूट, मध्ये एखादी संस्था, खाली तुम्ही. कुठे लाल फुली असेल तर मधलं सर्टिफिकेट आलेलं नाही किंवा रूटवर विश्वास ठेवलेला नाही. आणि ‘डीटेल्स’मधल्या ‘एनहान्स्ड की यूसेज’ या ओळीत ‘क्लायंट ऑथेंटिकेशन’ हे शब्द हवेत. कधीकधी घाईत ई-मेलवर सही करण्यासाठीचं सर्टिफिकेट लॉगिनसाठी पाठवलं जातं. त्या सर्टिफिकेटात बऱ्याचदा हे शब्द नसतात.

याच खिडकीत अनुक्रमांकही आहे. तो कागदावर उतरवून ठेवा. त्याचं कारण शेवटी येईल.

कुठला ब्राउझर कुठे बघतो

विंडोजवर क्रोम आणि एज हे दोघंही विंडोजच्याच कप्प्यातून सर्टिफिकेट घेतात, त्यांना वेगळं काही द्यावं लागत नाही. फायरफॉक्सचा मात्र स्वतःचा वेगळा कप्पा आहे. जुन्या फायरफॉक्समध्ये फाइल वेगळी बसवावीच लागायची. २०२१ मध्ये आलेल्या आवृत्ती ९० पासून विंडोज आणि मॅकवर तो यंत्रणेच्या कप्प्यातली सर्टिफिकेटंही आपण होऊन पाहतो. तरीही दिसलं नाही तर सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, व्ह्यू सर्टिफिकेट्स, आणि तिथे ‘युवर सर्टिफिकेट्स’ या पानावरून इम्पोर्ट करा. शेजारीच ‘ऑथॉरिटीज’ नावाचं पान आहे, त्यात टाकू नका. फायरफॉक्समध्ये किल्ली ठेवणार असाल तर त्याचा प्रायमरी पासवर्डही लावा, नाहीतर प्रोफाइलचं फोल्डर उचलून नेणाऱ्याला किल्लीही मिळते.

मॅकवर डबल क्लिक केलं की कीचेन अ‍ॅक्सेस पुढे येतं. ‘लॉगिन’ ही कीचेन निवडा, ‘सिस्टिम’ नको. पहिल्यांदा वापरताना कीचेनचा पासवर्ड विचारला जाईल. सहसा तो मॅकचा लॉगिन पासवर्डच असतो, पीएफएक्सचा नव्हे.

लिनक्सवर क्रोम आणि फायरफॉक्स यांचे कप्पे वेगळे आहेत, त्यामुळे दोन्ही वापरत असाल तर दोन्हींत त्यांच्या त्यांच्या सेटिंग्जमधून इम्पोर्ट करा. फाइल डिस्कवर असेपर्यंत तिची परवानगी ६०० ठेवा, म्हणजे मालकाशिवाय कुणालाही ती वाचता येणार नाही.

पहिलं लॉगिन

ब्राउझर पूर्ण बंद करा. पूर्ण म्हणजे सगळ्या खिडक्या, आणि पार्श्वभूमीवर चालू राहत असेल तर तोही. मग पुन्हा उघडून पत्ता स्वतः टाइप करा. सर्टिफिकेट निवडायची छोटी खिडकी येईल. दोन-तीन नावं दिसली तर देणाऱ्या संस्थेचं नाव आणि मुदतीची तारीख पाहून योग्य ते निवडा.

इथे एक खोड लक्षात ठेवा. या खिडकीत चुकून ‘कॅन्सल’ दाबलं किंवा चुकीचं सर्टिफिकेट निवडलं, तर ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि बंद करेपर्यंत पुन्हा विचारतच नाही. पान कितीही वेळा रिफ्रेश केलं तरी तीच चूक परत. ‘काल चाललं, आज चालत नाही’ म्हणून आलेल्या कितीतरी फोनांवर मी एवढंच सांगतो: सगळं बंद करा, पुन्हा उघडा. घाई असेल तर खासगी खिडकी उघडून पाहा, तिची आठवण वेगळी असते.

तरीही अडलं तर

पासवर्ड अगदी बरोबर असूनही ‘चुकीचा’ म्हणून नाकारला जातो, असं खरंच होतं. नव्या साधनांनी बनवलेल्या पीएफएक्सला एईएस नावाचं नवं कुलूप असतं. जुन्या विंडोजला आणि बऱ्याच मॅकना ते उघडता येत नाही, आणि ‘कुलूप ओळखीचं नाही’ म्हणायच्या ऐवजी ते ‘पासवर्ड चुकला’ म्हणतात. उलटही घडतं: अशा फाइली बनवायचं आणि उघडायचं ओपनएसएसएल नावाचं एक साधन आहे, त्याची २०२१ मध्ये आलेली आवृत्ती ३ जुन्या आरसी२ कुलपाच्या फाइली सरळ उघडत नाही. पासवर्ड दोनदा काळजीपूर्वक टाकून पाहा. तरीही तेच झालं तर तुमची यंत्रणा कोणती, आवृत्ती कोणती, हे सांगून फाइल दुसऱ्या पद्धतीने बनवून मागा. त्याआधी पासवर्डमध्ये शेवटी चुकून कॉपी झालेली रिकामी जागाही तपासा.

सर्टिफिकेट कप्प्यात आहे, किल्लीही आहे, पण निवडायची खिडकीच येत नाही. सर्व्हर ओळख मागताना ‘अमुक संस्थांनी दिलेलीच सर्टिफिकेटं चालतील’ अशी यादी पाठवू शकतो आणि ब्राउझर त्या यादीत न बसणारी सर्टिफिकेटं दाखवत नाही. साखळीतलं मधलं सर्टिफिकेट तुमच्याकडे नसेल तर यादीतल्या नावापर्यंत धागा पोचत नाही. मघाशी पाहिलेलं ‘सर्टिफिकेशन पाथ’ पुन्हा उघडा. मुदत संपलेली नाही ना, तेही तिथेच कळेल.

एका ठिकाणी चालतं, दुसऱ्या जागेच्या नेटवर्कवरून चालत नाही, असं असेल तर मधल्या तपासणीचा संशय घ्या. काही अँटिव्हायरस आणि प्रॉक्सी सुरक्षित जोडणी मध्येच उघडून पाहतात आणि पुढे सर्व्हरशी स्वतः बोलतात. त्यांच्याकडे तुमची किल्ली नसते, त्यामुळे सहीही करता येत नाही. यावर उपाय तुमच्या संगणकात नाही. नेटवर्क सांभाळणाऱ्याला त्या पत्त्यापुरती तपासणी वगळायला सांगावं लागतं.

आणि खिडकी आली, सर्टिफिकेट निवडलं, पण पानावर ४०३ किंवा ‘परवानगी नाही’ दिसतंय, तर बसवण्यात चूक झालेली नसण्याची शक्यता जास्त. बहुधा ओळख पटलीय, पण तुमच्या खात्याला तिथला अधिकार दिलेला नाही. फाइल पुन्हा पुन्हा बसवत बसू नका. खातं पाहणाऱ्याला अनुक्रमांक कळवा.

काम झाल्यावर

एकदा संगणक रीस्टार्ट करून लॉगिन पुन्हा होतंय हे बघा. झालं की मूळ फाइल हटवा. डाउनलोड्समधून, रीसायकल बिनमधून, ई-मेलमधून, आणि कुणी चॅटवर पाठवली असेल तर तिथूनही. किल्ली आता कप्प्यात आहे, फाइलची गरज उरलेली नाही. आपण एक्सपोर्टची खूण टाळली आणि तीच किल्ली डाउनलोड्समध्ये पडून राहिली, तर काय उपयोग?

मात्र हेच सर्टिफिकेट कूटबद्ध ई-मेल उघडण्यासाठीही वापरणार असाल तर गोष्ट वेगळी. ती किल्ली गेली तर जुनी पत्रं कायमची बंद होतात. तेव्हा एक प्रत पासवर्डसकट सुरक्षित जागी, संगणकाबाहेर ठेवा, आणि मुदत संपल्यावरही ती किल्ली पुसू नका.

मुदतीच्या महिनाभर आधीची आठवण कॅलेंडरमध्ये आत्ताच लावा. नवं सर्टिफिकेट आलं की ते याच क्रमाने बसवा, चालतंय याची खात्री करा आणि मग जुनं काढा, म्हणजे निवडीच्या खिडकीत एकाच नावाच्या दोन ओळी दिसून गोंधळ होणार नाही.

आता कागदावर उतरवलेल्या अनुक्रमांकाबद्दल. लॅपटॉप हरवला किंवा चोरीला गेला तर सर्टिफिकेट ताबडतोब रद्द करून घ्यावं लागतं. देणारी संस्था रद्द झालेल्या अनुक्रमांकांची यादी काढते आणि ती यादी पाहणारा सर्व्हर ते सर्टिफिकेट नाकारतो. त्या वेळी तुम्हाला अनुक्रमांक विचारतील, आणि तो ज्या संगणकात दिसत होता तोच हाताशी नसेल. म्हणून तो कागद, सर्टिफिकेट रद्द करून देणाऱ्याच्या फोन क्रमांकासह, लॅपटॉपच्या बॅगेत न ठेवता घरी ठेवा.